सहा उठण्या

स्वयंपाकघरातून घुर्र असा बारीक आवाज आला आणि थांबला.

घर इतकं शांत होतं की तो आतल्या खोलीत, पलंगावर पडलेल्या पौर्णिमाला ऐकू आला. सगळे गच्चीवर होते. सासूबाईंनी, मैनाबाईंनी, पहाटे चारलाच गव्हाचा चीक शिजवायला घेतला होता, आणि आता जठारपेठेतल्या त्या दुमजली घराच्या गच्चीवर, धुऊन अंथरलेल्या जुन्या लुगड्यांवर कुरडया पडत होत्या. साडेआठच वाजले होते, पण अकोल्याच्या एप्रिलला साडेआठ पुरतात. खिडकीवरचं हिरवं कापड तापायला लागलं होतं.

पुन्हा घुर्र.

आवाज ओळखीचा होता, म्हणून ती दचकली. गेले तेरा दिवस तिच्या डाव्या मनगटावर जो पट्टा होता, तो हातातून काढून ठेवला की काही वेळाने असा घुरघुरतो, आपली आठवण करून देतो. अमरावतीच्या नर्सने तो बांधताना एकदा ऐकवला होता. पौर्णिमाने हात डोळ्यांसमोर धरला. मनगट मोकळं होतं. पट्ट्याच्या जागी घामोळ्याचे चार लाल ठिपके होते.

घामोळं आलं तेव्हा नर्सनेच फोनवर सांगितलं होतं, दिवसातून तासभर काढला तर चालेल, हवा लागू द्या. ते काम मैनाबाईंनी आपणहून घेतलं. पहाटे सून झोपेत असताना त्या पट्टा हळूच सोडवायच्या आणि साडेसहाच्या आत परत बांधायच्या. पौर्णिमाला अर्धवट झोपेत त्यांची खरखरीत बोटं जाणवायची आणि बरं वाटायचं. सासूने आपला हात असा हातात घ्यावा, असे दिवस या घरात फार आले नव्हते.

पण मग एवढ्या दिवसांत हा आवाज एकदाही कसा आला नाही?

उठून बघावं का, याचा तिने हिशेब केला. दिवसाला सहा उठण्या, हे तिचं माप होतं. चार वर्षांपूर्वी, करोनाच्या दुसऱ्या लाटेतला ताप उतरला आणि त्याबरोबर अंगातलं जे गेलं ते परत आलंच नाही, तेव्हापासून ती दिवस तासांनी नाही तर उठण्यांनी मोजत होती. तीन न्हाणीघराच्या, एक जेवणाची, एक रेणूच्या वेणीची. सहावी राखून ठेवायची. सातवी उठणी झाली की पुढचे चार दिवस काळोख्या खोलीत, कानात कापूस घालून काढायचे. कधीकाळी ही बाई रोज एसटीने बाळापूरला जाऊन सातवीच्या वर्गाला गणित शिकवत होती, आणि घरी येऊन पोळ्या लाटत होती.

गेटची कडी कोणीतरी अगदी हळू लावली. पौर्णिमा ओळखून गेली. इतकी हळू कडी सीमाताईच लावतात.

*

सीमाने हातातली दोन खरबुजं ओट्यावर ठेवली आणि आवाज कुठून येतोय ते पाहिलं. ओट्याच्या कोपऱ्यात एक वाटी पालथी घातलेली होती. तिने ती उचलली. खाली आईच्या सोन्याच्या पाटल्या होत्या, आणि पाटल्यांच्या मध्ये, वेटोळं करून, तो करडा पट्टा. त्याच्या भोकांत वाळलेला चीक बसला होता.

वीस वर्षं अमरावतीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्या सीमाला कोणाच्या नमुन्यात कोणाचं काय मिसळलं हे एका नजरेत कळायचं. आताही कळलं. फक्त ते मनात शिरायला वेळ लागला.

पौर्णिमाच्या आजारावर या घरात सगळ्यात आधी विश्वास ठेवला तो या नणंदेने. रिपोर्ट सगळे नॉर्मल येत होते, डॉक्टर झोपेच्या गोळ्या देत होते, मैनाबाई शेजारणीला सांगत होत्या की आमच्या वेळी असं पडून राहायला कोणाले फुरसत होती. तेव्हा सीमाच पौर्णिमाला घेऊन नागपूरपर्यंत गेली आणि आजाराचं नाव कागदावर लिहून आणलं. त्यावरून मागच्या दिवाळीत मायलेकींचं असं वाजलं की तीन महिने फोन बंद होता. आणि आता एक नवं औषध आलं होतं. नवं म्हणजे दुसऱ्याच एका आजारावरचं जुनं औषध, जे या आजारावर चालतं का हे काही शहरांत तपासलं जाणार होतं, आणि त्यातलं एक केंद्र अमरावतीत होतं. सीमाला लॅबमधूनच कळलं. तिने अर्ज भरला, फोन केले, पौर्णिमाला पहिल्या तपासणीला गाडीत आडवं घालून नेलं आणि आणलं. आता राहिलं होतं ते हेच. चौदा दिवस पट्टा. उद्या, सोमवारी अकराला, तो डॉक्टरांसमोर ठेवायचा, आणि त्यावरून ठरायचं की पौर्णिमा यादीत बसते की नाही.

जिन्यावरून रेणू उतरली. आठ वर्षांची, हातात चिकाची वाटी, ओठांना चीक. आत्याच्या हातातला पट्टा पाहून तिने सहज सांगितलं की ते आजीचं आहे. मग स्वतःच दुरुस्त केलं. "म्हणजे मम्मीचंच. पण पहाटे आजीचं असते."

सीमाने आईला खाली बोलावून घेतलं. मागोमाग पौर्णिमाचा नवरा नितेश आला, आणि त्याच्यामागे सासरे रामराव, हातात घडी घातलेला पेपर घेऊन. मैनाबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिकाने माखलेले होते. त्यांनी ओट्यावर पाहिलं, लेकीच्या हाताकडे पाहिलं, आणि नळ सोडून हात धुवायला घेतले.

"रोज घालत होती?" सीमाने विचारलं.

"हो."

"किती वेळ?"

"चार ते सहा. कदी सव्वासहा." मैनाबाईंनी हात पदराला पुसले. "आज थे सोऱ्या फिरवताना चिकट होऊन राहिलं होतं, म्हणून काढलं. अन तू येनार म्हणून घाईत राहून गेलं."

नितेशला अजून उमगलं नव्हतं. त्याचं म्हणणं पडलं की आईने घातला तर घातला, त्यात काय बिघडलं. मग सीमाने त्याला समजावून सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, लॅबमध्ये नव्या मुलांना सांगतात तसं. यादीत तेच घेतात जे खरंच उठू शकत नाहीत. पट्टा हाताची हालचाल मोजतो, पावलं मोजतो, नाडी मोजतो. आणि या पट्ट्याप्रमाणे पौर्णिमा नितेश देशमुख रोज पहाटे चारला उठते, झाडलोट करते, सडा टाकते, पापडाचं पीठ कुटते आणि आज तर तिने पाच किलो गव्हाचा चीक घाटला. अशा बाईला कोणता डॉक्टर आजारी म्हणेल?

नितेशचा चेहरा उतरला. तो आईकडे वळला, पण बोलले रामराव.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "मी म्हतलं, घालते तर घालू दे. मले वाटलं पोरीले तेवढाच आराम."

"वा बाबा," सीमा म्हणाली. "म्हणजे तुमी दोघं मिळून." तिला हसू आलं असतं, पण दुसरंच आलं. "आई, तुले लाज वाटते का वं हिची? तिकडच्या लोकाईनं पाह्यलं की देशमुखाची सून दिवसभर पडून राह्यते, तर काय म्हनतीन, म्हणूनच ना?"

मैनाबाईंनी पाटल्या उचलल्या आणि एकेक करून हातात चढवल्या. लेकीने मागच्या दिवाळीत जे म्हटलं होतं तेच पुन्हा म्हटलं होतं. उत्तर तेव्हाही दिलं नव्हतं.

मग वेगळीच बोलणी सुरू झाली. नितेशने खुर्ची ओढली, सीमा खाली बसली, आणि पाच मिनिटांपूर्वी आईवर चिडलेली ही दोघं भावंडं लहानपणी चिंचा चोरताना करायची तशी मसलत करायला लागली. पट्टा हरवला म्हणायचं. नको, हरवला म्हणजे बेपर्वाई. पाण्यात पडला म्हणायचं, आणि खरंच पाडायचा, म्हणजे आतलं काही राहणार नाही. सीमाला हे बोलताना स्वतःचीच लाज वाटत होती. चुकीचा नमुना फेकून द्यावा, पुढे पाठवू नये, हा नियम ती कामावर पाळायची; पण नमुना फेकला हे लिहूनही ठेवायची. रामरावांनी सुचवलं की टाकीत टाकू, कूलरच्या. कोणीतरी बादली पुढे ओढली.

"नका टाकू."

पौर्णिमा दारात उभी होती. चौकटीला धरून. सहावी उठणी तिने खर्च केली होती.

नितेश धावला, पण तिने त्याला हातानेच थांबवलं. ती तिथेच, दारात, जमिनीवर बसली, कारण बसून बोललं तर दोन वाक्यं जास्त बोलता येतात. तिने आधी सासूकडे पाहिलं. मग सीमाकडे.

"ताई, चार वर्षं मी एकच सांगत आली सगळ्यांना. मी खोटं बोलत नाही. डॉक्टरांना, शाळेत हेडसरांना, माहेरी, इथे. आता कुठे कोणीतरी खरं मानून औषध द्यायला बसलंय, तर त्यांच्या दारात जाऊन पहिलं खोटं बोलू?"

नितेशने बादली बाजूला सारली.

"यादीतून काढलं तर काढलं. हे पहिलंच औषध आहे, शेवटचं नाही. दुसरं येईल." ती थांबली, श्वास घेतला. हे ती समजूत काढायला म्हणत नव्हती, हे तिच्या आवाजावरून सगळ्यांना कळलं. "आणि आई सोबत येतील. पट्टा त्यांच्या हातावर होता. त्याच सांगतील."

सीमा नको म्हणायच्या बेतात होती. पण मैनाबाई आधीच जाऊन सुनेच्या काखेत हात घालून तिला उठवत होत्या, आणि पौर्णिमाने आपलं डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं होतं. आपण ज्या बाजूला उभे होतो, ती बाजूच तिथून उठून गेली, असं सीमाला वाटलं.

*

ऊन कलल्यावर निघाले. सीमा गाडी चालवत होती, शेजारी रेणू, कारण तिला घरी राहायचं नव्हतं आणि सोमवारची शाळा बुडवायला तिच्या मते हे कारण चांगलं होतं. मागच्या सीटवर पौर्णिमा आडवी, डोळ्यांवर काळा रुमाल, डोकं मैनाबाईंच्या मांडीवर. नितेश आणि रामराव कुरडया राखायला थांबले.

मूर्तिजापूर जवळ आलं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं होती. मैनाबाई बाहेर पाहत होत्या आणि त्यांचा हात आपसूक सुनेच्या केसांतून फिरत होता. या डोक्याचं वजन त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. लग्न होऊन आली तेव्हा केवढी चटपटीत. आजाराच्या पहिल्या वर्षी त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता, हे खरं होतं. मुद्दाम भांडी ठेवायच्या तिच्यासाठी, पाहू उठते का. एकदा ती उठली, सगळी घासली, आणि मग आठ दिवस बोलायचीही बंद झाली. त्यानंतर त्यांनी भांडी ठेवली नाहीत. पण तसं कोणाला सांगितलंही नाही. सांगायचं कसं असतं ते?

सीमा आरशातून पाहत होती. लाज वाटते का, असं लेक म्हणाली. वाटायची. आता नाही. पण लेकीला जे वाटलं त्यापेक्षा खरं कारण सांगणं त्यांना अवघड होतं, कारण ते सांगायचं तर माणिकबाईचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते नाव त्यांनी तीस वर्षांत मोठ्याने घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला त्यांनी ते घेतलं.

डॉक्टर नगमा बाळापूरच्या. टेबलावरच्या पाटीवर नाव होतं, पण मैनाबाईंना ते वाचायची गरज पडली नाही. डॉक्टरीणबाई तोंड उघडल्याबरोबर त्यांना कळलं की ही आपल्याकडची आहे. गाव विचारलं तर बाळापूर, मैनाबाईंचं माहेर. किल्ल्याखालच्या गल्लीत अब्दुल रहीमचं सरकी-ढेपेचं दुकान होतं, त्यांची तुम्ही कोण, मैनाबाईंनी विचारलं. नात, डॉक्टर म्हणाल्या, आणि खुर्ची मैनाबाईंच्या जवळ ओढून घेतली. पौर्णिमा बाजूच्या कॉटवर पडून होती. सीमाने पट्टा पुढे केला आणि आईकडे पाहिलं.

मैनाबाईंनी सगळं सांगितलं. चार ते सहा, तेरा दिवस, सडा, झाडलोट, पापड, चीक. काही लपवलं नाही.

"अन काहून घातला मावशी?" डॉक्टरांनी विचारलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून.

मैनाबाईंनी पाटल्या मनगटावर मागे-पुढे केल्या.

"माही बहीन होती, माणिकबाई. माह्यापेक्षा लहान. पोटात गाठ झाली होती. ऑपरेशनले नेलं तर डॉक्टर म्हने रक्त कमी आहे, ताकद नाही अंगात, झेपनार नाही. ताकद आना, मंग या. दोनदा वापस पाठवलं." त्या थांबल्या. "तिसऱ्या खेपेले नेलंच नाही. न्याले ती राह्यलीच नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मले वाटलं इथंबी तसंच असंन. एवढं मोठं औषध, ते का अशक्त बाईले देतीन? घड्याळात ताकद दिसली पायजे, तर घेतीन. तिच्या अंगात नाही, माह्या अंगात आहे. म्हतलं, देऊ थोडी."

सीमाने तोंड खिडकीकडे फिरवलं. चार वर्षं ती या आजारावरचे कागद वाचत होती, आणि माणिकमावशीबद्दल तिने आईला एकदाही विचारलं नव्हतं. तिला वाटायचं मावशी तापाने गेली.

डॉक्टर नगमांनी पट्टा यंत्राला जोडला आणि पडदा मैनाबाईंकडे वळवला. निळ्या रेघा म्हणजे हालचाल, त्यांनी सांगितलं, आणि लाल म्हणजे नाडी. रोज पहाटे चार ते सहा निळ्या रेघांचं दाट झाड उभं होतं. त्यावर लाल रेघ नव्वदच्या आसपास, सरळ, शांत. हे तुम्ही मावशी. पासष्टीला असं काळीज असणाऱ्या बाईकडे मीच औषध मागायला आलं पाहिजे, त्या म्हणाल्या, आणि मैनाबाईंना त्या तशा प्रसंगातही थोडं बरं वाटलं.

"आता हे पाहा." डॉक्टरांनी बोट पुढे सरकवलं. झाड संपलं होतं. तिथे निळी रेघ इवलीशी, गवताएवढी. आणि तिच्यावर लाल रेघ एकदम उभी चढलेली. एकशे अठ्ठावीस. एकशे एकतीस. दुसऱ्या दिवशी तिथेच, तिसऱ्या दिवशी तिथेच. रविवार सोडून रोज. डॉक्टर कॉटकडे वळल्या. "पौर्णिमाताई, रोज पावणेसातला तुम्ही काय करता?"

पौर्णिमाने डोळ्यांवरचा रुमाल काढला नाही.

"मुलीची वेणी घालते."

मैनाबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. पाच किलो गव्हाचा चीक घाटताना आपलं काळीज नव्वदावर. आणि हिचं एका वेणीला एकशे एकतीस. हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जन्मभर त्यांनी शरीराने काम केलं होतं. काम कशाला म्हणतात हे त्यांना रेघेवरूनही कळत होतं. त्या उठल्या, कॉटजवळ गेल्या आणि सुनेच्या पायाशी बसल्या.

"चार वर्षं," त्या म्हणाल्या, एवढंच. मग तिच्या पायावरचं पांघरूण नीट करत राहिल्या, बराच वेळ, ते आधीच नीट असूनही.

निर्णय डॉक्टरांनी सरळ सांगितला. हे तेरा दिवस धरता येणार नाहीत, नियम नियम आहे, आणि काय झालं ते जसंच्या तसं लिहिलं जाईल. पण खरं सांगितल्यामुळे नाव काढायचं काही कारण नाही. यादी महिनाअखेर बंद होते, सतरा दिवस उरलेत, चौदा लागतात. आज नवा पट्टा, घामोळं येणार नाही असा सुती अस्तराचा, जो इथे आल्याशिवाय निघणार नाही.

"तीन दिवस जास्तीचे आहेत आपल्याजवळ," त्या म्हणाल्या. "आणि दिवसाला एक तास नाही. एक मिनिट पण नाही, मावशी."

"नाही काढत बाप्पा," मैनाबाई म्हणाल्या.

सीमाने मग तिला आतून टोचत असलेला प्रश्न विचारला. औषध चालेल का? डॉक्टरांनी चष्मा काढला. चालेलच असं मी म्हणणार नाही, त्या म्हणाल्या. तसं कोणी म्हणालं तर त्याच्याकडे जाऊ नका. पण दहा वर्षांपूर्वी मी शिकत होते तेव्हा वर्गात या आजाराचं नावही कोणी घेतलं नव्हतं. आज लोक पेशींत शोधतायत, रक्तात शोधतायत, एकाच वेळी वेगवेगळ्या दारांवर टकटक चाललीये. एखादं उघडेल. या बाईंचं वय चौतीस आहे. त्या उघडताना बघतील, एवढं मी म्हणते.

मग त्यांनी कागद समजावला, सह्या घेण्याआधी समजावतात तसा. आलेल्यांपैकी अर्ध्यांना औषध मिळेल. अर्ध्यांना अगदी तशीच दिसणारी रिकामी गोळी, तिच्यात काही नसेल. कोणाला कोणती ते पेशंटला कळणार नाही, मलाही कळणार नाही. सहा महिन्यांनी नोंदीचं बंद पाकीट उघडेल, तेव्हा कळेल.

रेणू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाय हलवत होती. इथे तिचे पाय थांबले.

*

दुपारभर सीमाच्या घरी पडदे ओढलेले होते. स्वयंपाकघरात मायलेकी होत्या. पौर्णिमाला त्यांचं बोलणं शब्दांनी नाही, पण चालीने ऐकू येत होतं. मैनाबाई सांगत होत्या, सीमा मध्येच काही विचारत होती, आणि माणिक हा शब्द अधूनमधून उमटत होता. एकदा दोघी हसल्या. एक खरबूज अमरावतीला परत आलं होतं, कारण सीमाने घाईत ते पुन्हा गाडीत टाकलं. ते आता कापलं जात असावं.

या प्रवासाचं उद्या-परवा तिला भोगावं लागणार होतं, हे पौर्णिमाला ठाऊक होतं. दोन दिवस, कदाचित पाच. पण पट्ट्यात तेही येईल. पहिल्यांदाच तिचं पडून राहणं कुठेतरी कामाला येणार होतं. तिने नवा पट्टा गालाला लावून पाहिला. आत एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. तिच्या स्वतःच्या नाडीचा, दुसऱ्या कोणाचा नाही.

चार वर्षांत तिने आशा फार जपून वापरली होती, उठण्यांसारखीच. आज तिला ती सढळ हाताने वापरावीशी वाटत होती. रेणू बारावीला असेल तेव्हा मी तिला गणित शिकवेन, तिने मनात म्हटलं. उभी राहून. फळ्यावर.

दार किलकिलं झालं. रेणू अनवाणी आत आली, पलंगावर चढली आणि आईला धक्का लागणार नाही अशा बेताने, कडेकडेने आडवी झाली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"मम्मी, उद्यापासून मी स्वतः घालीन वेणी. म्हणजे तुझी लाल रेघ वर नाही जाणार."

"नाही," पौर्णिमा म्हणाली. "ती उठणी माझी आहे. ती कोणाला देणार नाही मी."

"पण तू थकते ना."

"थकते. तरी."

रेणूने थोडा विचार केला आणि ते मान्य केलं. तिने आईचा हात उचलून आपल्या पोटावर ठेवून घेतला आणि पट्ट्यावरचा हिरवा ठिपका बोटाने झाकला, उघडला, झाकला. पौर्णिमाने दुसऱ्या हाताने तिच्या सुटलेल्या बटा आडव्या पडूनच कानामागे सारल्या. डॉक्टरांच्या खोलीतून आल्यापासून पोर गप्प होती, जेवतानाही गप्प. काहीतरी आत फिरत होतं.

"मम्मी, मी रात्री रेणुकामातेला सांगू का? खरी गोळी माझ्या मम्मीला दे म्हणून?"

"सांग."

"आजी पण सांगणार आहे. आत्या पण. म्हणजे तुलाच मिळेल."

"बरं."

ठिपका झाकला, उघडला. मग रेणू कोपरावर उठून बसली, आणि आईच्या डोळ्यांवरचा रुमाल तिने दोन बोटांनी वर केला, उत्तर देताना चेहरा दिसावा म्हणून.

"पण मग मम्मी, खोटी गोळी कोणाच्या मम्मीला द्यायची?"